उणे तीन क्ष

उद्यमनगरातलं शेवटचं लेथ बंद पडतं
तेव्हा पावणेआठ झालेले असतात.
रंगराव टिपुगडे जिना चढून येतो.
हात रॉकेलनं धुतलेले, तरी नखांत काळं,
वही मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
सतरा नंबरचा फॉर्म भरलेला
एक्केचाळीस वर्षांचा टर्नर,
बाकावर गुडघे मावत नाहीत.

मी फळ्यावर लिहिते

−६क्ष³ − ९क्ष² + १५क्ष

आणि म्हणते, सामाईक काय आहे ते बाहेर काढा.

सहा, नऊ, पंधरा.
तीन त्यानं नजरेनंच मापला, व्हर्निअर न लावता.
क्ष कितीदा घ्यायचा, इथं जरा अडला.
मी सांगितलं, ज्याच्याकडं सगळ्यात कमी आहे
त्याच्याकडं बघून ठरवायचं.
"म्हंजे वर्गणीगत," तो म्हणाला,
आणि एकच क्ष घेतला.

३क्ष(−२क्ष² − ३क्ष + ५)

चूक नाही, मी म्हणाले,
पण कंसाच्या उंबऱ्यातच उणे बसलाय.
पुढच्या पायरीला पाय अडकेल.
त्यालाही बाहेर घ्या.

त्यानं खडू झाडला.
चकमधला जॉब उलटा धरावा
तसं एकेक चिन्ह फिरवत गेला

−३क्ष(२क्ष² + ३क्ष − ५)

आणि मागं सरून बघत राहिला.
पंख्याचा एक पाता खडखडत होता.
"मॅडम, ह्यो शेवटचा तर चांगला अधिक हुता की.
त्येनं काय केलंतं?"

नियम आहे, असं म्हणायला तोंड उघडलं मी.

शाहूपुरीत अण्णांची गुळाची अडत होती.
ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
आम्ही तिघं भावंडं ती लाल वही घेऊन बसलो.
उदयची उचल. माझी उचल, बी.एड.ची.
आणि शालनच्या नावावर, उलट्या बाजूला, जमा:
दोन पाटल्या मोडून तिनं दिलेले,
तारीख अण्णांच्याच अक्षरात.
उदयचा आवाज चढत चालला होता.
तो थांबावा म्हणून मी म्हणाले,
जाऊ दे, आपण सगळ्यांनीच अण्णांना ओरबाडलं.

किती सुटसुटीत झालं सगळं.
उदय गप्प झाला. आत मीही जरा अधिक झाले.
शालननं वही मिटली,
गुळाची ढेप झाकावी तसा तिच्यावर पंचा टाकला
आणि साडेचारच्या गाडीनं कागलला गेली.
कागल काही लांब नाही.
सात वर्षं झाली.

"मॅडम?"

परत गुणून बघा, मी म्हणाले.
बाहेरचं प्रत्येकाला वाटून द्या, चिन्हासकट.

तो ओठ हलवत गुणत गेला.
उणे सहा. उणे नऊ.
शेवटच्या पदाशी थांबला,
उणे तीन गुणिले उणे पाच,
बोटानं हवेत एक आडवी रेघ काढली,
मग तिच्यावर उभी.
"आला की वो परत! जसाच्या तसा!"
आणि असा हसला
की खालच्या वॉचमननं वर बघितलं.

मी डस्टर उचललं होतं. ते परत ठेवलं.
शालनचा नंबर मोबाईलमध्ये आहे,
दोनदा फोन बदलला तरी आहे.

रंगरावनं गणित वहीत उतरवून घेतलं,
उत्तराखाली दोन रेघा ओढल्या,
वही परत कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं,
"ह्यो ताळा दरवेळी करायचा?"

दरवेळी.

"परीक्षेत तेवढा वेळ पुरंल का पण?"

खडूची धूळ बोटांवरून जात नव्हती.
बघू, मी म्हणाले.