पाण्याची काच

खोक्यावरच्या चित्रात त्याच्या हातात तोफ होती.
ती मी पहिल्याच रात्री कापली,
दिवसभर ज्या ब्लेडनं
लोकांच्या दाढांचं मेण कोरते, त्याच ब्लेडनं.
धंतोलीतल्या लॅबमधून निघताना
पर्समध्ये रोज काहीतरी घरी येतं:
बोथट झालेला ड्रिल, गुलाबी ॲक्रिलिकचा चुरा,
कोणी परत न्यायला न आलेल्या कवळीची तार.

सातशे रुपयांचा प्लास्टिकचा माणूस.
एकशे बारा तुकडे, पांढरे,
दवाखान्याच्या भिंतीसारखे.
मला तो वाफेवर चालणारा हवा होता.
पोटात कोळसा, खांद्याला झडप,
चालला तर मोतीबागच्या शेडमध्ये
कोणीतरी मान वर करावी असा.

इतवारीत हकीमुद्दीनभाईंनी
पितळी वायसर तोलून दिले,
शंभर ग्रॅम, लवंगांसारखे.
कूलरसाठी?
नाही, गुडघ्यासाठी.
चष्म्यावरून पाहत म्हणाले, मग तेलही न्या.

छातीला शेव्हिंग फोमच्या डब्याचं बूड.
बरगड्या कवळीच्या तारेच्या.
डोळा एकच, बंद पडलेल्या टॉर्चचं भिंग.
गंज मात्र खरा:
भांड्याची लोखंडी घासणी
तीन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून काढलेला.
आई असती तर घासणीसाठी भांडली असती.

मे महिना. शेहेचाळीस.
फेविक्विक नळीतच दगड झालं.
रंग सुकायला गच्चीवर ठेवला
आणि सकाळी उचलायला विसरले;
दुपारी पाहते तर मान एका बाजूला कललेली.
तशीच राहू दिली.
काही ऐकू येत असेल त्याला.

बाबा कूलरसमोर खाटेवर,
पाहत नसल्यासारखे पाहत होते.
एकोणतीस वर्षं छोट्या गाडीवर फायरमन.
डाव्या हाताची दोन बोटं
फायरबॉक्सच्या दारानं घेतली, माझ्या जन्माआधी.
त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोललेलं
मला आठवत नाही.
मीही बोलले नाही.
फक्त एका रात्री कानस घेतली
आणि त्याची शेवटची दोन बोटं
मुळापासून घासून टाकली.

सकाळी त्यांनी तो उचलला.
उजेडात धरला. उलटा केला. सुलटा केला.
“काय करून राहिली वं हे?
माया डावा हात हाय.
तू याचा उजवा तोडला.
आता यानं जेवाचं कसं?”

तो माझ्याकडे तोंड करून उभा होता, बाबा.
एवढंच सुचलं मला.

ते हसले नाहीत.
नखानं पोटावर टकटक करत होते,
जणू आत कोणी असेल तर ओ देईल.
“आन् पाण्याची काच कुठं हाय?”

कसली काच?

“बॉयलर केलं अन् काच नाही?
आग कमी पडली तं गाडी थांबते.
पाणी कमी पडलं तं गाडी राहत नाही, मानूसही नाही.
तुह्या मायचं तोंड पाह्यलं नसन
तेवढी म्या ते काच पाह्यली.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोरकुटेंच्या क्लिनिकमधून
हिरडी बधिर करायच्या इंजेक्शनची
रिकामी कुपी मागून आणली.
करंगळीएवढी, स्वच्छ.
दोन वायसरांच्या मध्ये बसवली,
खाली मेणाचं बूच,
आत पाणी आणि निळी शाई, अर्ध्यापर्यंत.

बाबांनी डोळे बारीक केले.
“अजून घे. नागभीडपर्यंत जायाचं हाय.”

ड्रॉपरनं तीन थेंब.
चौथ्याला त्यांनी तीन बोटांचा हात वर केला,
बस.

आता तो कूलरच्या टपावर उभा असतो.
कूलर थरथरतो, तोही थरथरतो,
काचेतली निळी रेघ हलत राहते.
उन्हानं पाणी आटतं, शाई दाट होते.
दिवसातून दोनदा बाबा खाटेवरून उठतात,
वाकून पाहतात,
आणि मला न सांगता भरतात.