नळी हलवू नकोस

निपाणीत, वखारीच्या गल्लीत आमची लॅब.
दार उघडलं की आधी शिंक आत येते, मग पेशंट.
शिवलीला नवी, हुक्केरीहून बसनं येते.
तिला स्लाइड दाखवली:
गौराक्काच्या सीरमचा एक थेंब,
शेजारी टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंचा निळा, गढूळ थेंब.
काडीनं मिसळ. डोलव. मिनिटभर थांब.
दूध नासावं तशा बारीक गुठळ्या.
"दिसलं?"
"दिसलं."
हे कणांचं. कण अंगानं मोठा,
चार हातांनी धरला तरी गर्दी होते.

मग नळी. तळाला सीरम,
वरून अलगद, काचेच्या भिंतीवरून ओघळत
विरघळलेला अँटिजेन. दोन्ही नितळ.
"काहीच नाही, मॅडम. करगितु."
करगितु, विरघळलं.
म्हणजे तिच्या लेखी संपलं.

कपभर पाण्यात मी चिमूटभर तंबाखूची धूळ टाकली
(विकत आणावी लागत नाही,
खिडकीच्या फळीवर रोज जमते).
भुकटी बुडाशी गेली.
रंग गेला नाही,
रंग कपभर झाला.
विरघळणं म्हणजे बुडाशी न बसणं, बाई,
आणि तेही पाण्याच्या मर्जीवर.
तेलात टाकली असती तर वेगळंच काही.

माझी आई एकोणीस वर्षं चाळणीवर होती.
नखांतलं साबणानं निघायचं.
घामासोबत कातडीतून आत गेलेलं
कुठल्याच चाळणीला सापडलं नाही.
संध्याकाळी तिला मळमळायचं,
आम्ही म्हणायचो, पित्त.

अजून एक सांगायचं राहिलं:
सीरम फार घट्ट असलं तरी दिसत नाही.
गौराक्काचा ताप चढलेला,
आणि ओळीतली पहिली नळी कोरी.
पातळ करत गेलो, चौथीत उमटलं.
का, ते शिवलीलानं विचारलं.
हात जास्त, धरायला कमी, म्हटलं.
पुरतं पटलेलं दिसलं नाही. मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.

बाहेर टेम्पो पोती उतरवत होता.
आम्ही दोघी एकदमच शिंकलो,
आणि मान वर केली तर
नळीत, दोन नितळांच्या हद्दीवर,
पांढरं कडं.
तान्ह्या बाळाच्या वाळ्याहून बारीक.
वर काही नाही, खाली काही नाही.
ती बोट लावायला वाकली.
लेबलं तिच्या हातची, कन्नडात.
रिपोर्ट माझ्या हातचे, मराठीत.
नळी हलवू नकोस, मी म्हणाले.
कुठल्या भाषेत म्हणाले, आठवत नाही.
तिनं हात मागे घेतला.