तापस

सकाळचे सात. तैपेईच्या दक्षिणेला
बागेतल्या पाणथळीवरचा लाकडी पूल अजून ओला,
आणि पुलावर तिवया. बावीस मोजल्या मी.
एकेकीवर तान्ह्या बाळाएवढं भिंग,
दव बाधू नये म्हणून कुंची घातलेलं.

सगळ्यांची तोंडं एकाच काठीकडे.

काठी को चिन-शुईने रोवलेली,
चौतीस वर्षं शहराची बस हाकून निवृत्त झालेला माणूस.
खंड्याने कुठे बसावं, उजेड कुठून यावा,
मागचं कमळाचं पान किती धूसर दिसावं,
हे त्याने थांबा ठरवावा तसं ठरवलंय.
खंड्या येतोही. वेळेवर नाही, पण येतो.
आला की बावीस शटर एकदम,
तापल्या तेलात मोहरी पडावी तशी,
आणि मग सगळे मान खाली घालून
आपापल्या पडद्यात शोधतात
आत्ता डोळ्यांसमोर काय होऊन गेलं ते.

वार्सिती या रांगेमागून चाकांची खुर्ची ढकलत जाते.
खुर्चीत शिए आजोबा, मांडीवर शाल,
बोटं शालीचे गोंडे मोजतात, चुकतात, पुन्हा मोजतात.
रोज दोन फेऱ्या. साडेनऊला औषध.
रांग तिला वाट देते,
मान वळवत नाही.

आज दुसऱ्या फेरीला चाक फळ्यांच्या फटीत रुतलं.
ती वाकली,
आणि वाकली म्हणूनच दिसलं:
पाणकणसाच्या दाटीत एक पात जरा जाड.
पात श्वास घेत होती.

चोच आभाळाकडे, मान ताणून उभी,
गळ्यावरून खाली तांबूस रेघा, वाळल्या पातीच्या रंगाच्या.
वारा आला की पाती डुलायच्या,
तोही डुलायचा, तेवढाच.
वारा पडला की थांबायचा,
पण क्षणभर उशिरा.
तेवढ्या उशिरात सापडला.

मराठीत याला तापस म्हणतात.
बगळ्याच्याच गोतातला; पण बगळ्याच्या ध्यानाची
आपण कधीच थट्टा करून ठेवली,
याच्या तपाला कोणी नाव ठेवलं नाही.
नाव ठेवायला आधी दिसावा लागतो.

वार्सितीच्या गावी, इंद्रमायूच्या भातखाचरांत,
तो बंबांगान.
भाऊ बांधावर नायलॉनचे फास मांडायचा,
आई हळद-मिरची चोळून निखाऱ्यावर धरायची.
हाडंच फार. सहा जणांत एक पक्षी,
तिच्या वाट्याला मान यायची,
आणि मानेवरचं चोखून संपवायला
अर्धी दुपार लागायची.

“आह्-गोंग,” ती कानाशी म्हणाली, “तिकडे.”
आजोबांनी तिच्या बोटाकडे पाहिलं.
बोटाला पट्टी होती.
“कापलं?” त्यांनी विचारलं.
आठवडाभरातला त्यांचा पहिला शब्द.
“थोडंसं. भोपळा चिरताना.”
बोट त्यांनी हातात घेतलं
आणि शालीखाली ठेवून दिलं.

चार पावलांवर को चिन-शुईची पाठ.
एक हाक पुरली असती,
आणि हाकेपुरती त्यांची भाषा तिला येते.
बावीस भिंगं गर्रकन वळली असती,
कोणी पुलाखाली उतरून आड येणारी पाती मोडली असती,
तिलाही कोणी नाव विचारलं असतं कदाचित.
का नाही मारली, मला सांगता येणार नाही.
फास आठवले असतील.
किंवा नुसतेच साडेनऊ होत आले असतील.

तिने चाक उचललं. मागे पाण्यात काहीतरी पडलं,
मोहरी तडतडली,
कोणीतरी “मिळाला!” म्हणून ओरडलं.

रात्री कचरागाडीची धून कोपऱ्यावर यायच्या आधी
पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेत
तिने आईला फोन लावला.
“इथे बंबांगान आहे, बागेत.”
“अगं बाई,” आई म्हणाली, “समुद्रापलीकडेही?
अंगाने भरलेला आहे का?”
गाडी वळली. रांग हलली.
“काय माहीत,” वार्सिती म्हणाली,
“मला नुसती मानच दिसली.”