चलनातून गेलेलं नाणं

एनोराच्या एप्रनच्या खिशात दहा फ्रँकचं नाणं असतं.
पाव मिळत नाही त्यावर आता, कॉफीही नाही.
त्यानं ती डोलकाठ्या वाजवते.

लोक नाणं वाजवून बघतात, खरं की खोटं;
इथे नाणंच दुसऱ्याला वाजवून बघतं.
टण, टण, टण, वितीवितीनं
एकोणतीस मीटर, शेंड्यापासून बुडापर्यंत,
आणि मागे मी, पिवळा खडू घेऊन.

लोरियांच्या या शेडमध्ये आलो तेव्हा वाटलं होतं
कार्बन म्हणजे कोळसा, हात काळे होणार.
आला तो बॉबिनवरचा धागा, रेशमासारखा,
केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा एकेक तंतू.
"जन्मतः पांढरा असतो," एनोरा म्हणाली,
"आधी हवेत भाजतात, मग हवा तोडून.
जळू द्यायचा नाही. नुसतं
कार्बन सोडून बाकीच्याला जाऊ द्यायचं."

एकट्या धाग्याला ओढ पेलते, दाब पेलत नाही.
म्हणून रेझिन. म्हणून थरावर थर,
एक उभा, एक आडवा, दोन तिरपे,
वारा कुठून येईल ते ओळखून घातलेले.
फ्रीजरमधून काढा, कातरा, रोलर दाबून हवा हाकला,
मग ऑटोक्लेव्ह:
तीन बस मावतील एवढा कुकर, शिटी न होणारा.
बाहेर येते ती काठी आम्ही आठजण खांद्यावर घेतो
आणि वाटेत फुटबॉलवर भांडतो.

ॲल्युमिनियम वाकतं, कुरकुरतं, आधी सांगतं.
हे सांगत नाही.
शेवटच्या क्षणापर्यंत ताठ, आणि मग
समुद्रात नुसता एक आवाज.

गेल्या महिन्यात, सतराव्या मीटरला,
टण, टण, ठप.
तळव्याएवढी जागा. वरून आरशासारखी चकचकीत.
चार दिवसांवर शर्यत. कप्तान गुल्वेन म्हणाला,
एवढंसं तर आहे.
एनोरानं नाणं त्याच्याच हातात दिलं.
त्यानं वाजवलं. पुन्हा वाजवलं.
मग खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि बांधली,
कारण नसताना.

त्याच आठवड्यात तिला स्कॅनसाठी घेऊन गेलो.
"धातू काही आत नको," नर्स म्हणाली.
घड्याळ, कानातलं, नाणं, सगळं माझ्या ओंजळीत.
बाकावर बसून मी बाक वाजवला, पाइप वाजवला,
कॉफीचं मशीन वाजवलं.
एक बाई माझ्याकडे बघत उठून गेली.

बाहेर आली ती केस सारखे करत.
"ते टेबल आपल्यातलंच आहे," म्हणाली, "कार्बन.
क्ष-किरण आरपार जातात, फोटोत डागसुद्धा उमटत नाही.
बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं.
थर चांगले बसवलेत कुणीतरी."
"आणि बाकी?"
"मंगळवारी फोन येईल."

मंगळवारी आम्ही सतराव्या मीटरला घासायला घेतलं.
थर उतरत्या पायऱ्यांसारखे उघडे केले,
प्रत्येक जुन्या थराला त्याच्याच दिशेचा नवा.
फोन खिडकीत ठेवलेला, काळ्या धुळीनं भरलेला.
एनोरा मास्कच्या आत काहीतरी गुणगुणत होती.
दुपारी तिनं हात पुढे केला, न बघताच,
आणि मी विसरूनच गेलो होतो
की ते अजून माझ्या खिशात आहे,
किल्ल्यांबरोबर, गरम.