एकास बहात्तर

लँकेस्टरच्या मैदानात रविवारी मॉडेलवाल्यांचा बाजार भरतो.
टेबलाचं भाडं तीस डॉलर, वारा फुकट,
म्हणून प्रत्येक खोक्यावर मी एकेक दगड ठेवलाय.
तुझी एकतीस विमानं, वेंडेल,
सगळी एकास बहात्तर मापाची,
सगळी एका रंगाची, म्हणजे रंगच नसल्यासारखी.

रडारला दिसू नये म्हणून ज्याच्यावर देशाने इतका पैसा ओतला
ते आपल्या हॉलमध्ये, काचेआड,
दोन बल्बांखाली लख्ख दिसायचं.
मी एकदा हसले होते यावर. तू हसला नाहीस.

तेवीस वर्षं तू त्या कुंपणाआड जात होतास.
काय करता विचारलं की म्हणायचास, "रंगकाम."
चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे,
माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशीसुद्धा
हाताची घडी, तोंडावर बोट: रंगकाम.
पामडेलमधल्या दोघातिघांना वाटायचं तू घरं रंगवतोस.
एकाने अंगणाच्या कठड्याचा भाव विचारला
आणि तू खरंच जाऊन रंगवून दिलास,
दोन हात, पैसे न घेता.

मला मात्र तो रंग आधीपासून ठाऊक होता.
बातम्यांत ते विमान पहिल्यांदा दाखवलं
तेव्हा तू पाणी प्यायला उठलास
आणि मी पडद्याकडे बघत राहिले.
हा तर तुझ्या नखांखालचा करडा.
उशीच्या अभ्र्यांवरून, टबच्या कडेवरून
हाच तर घासत आले होते मी, ब्लीच घालघालून.
एक शब्द न बोलता तू मला सगळं सांगत होतास
आणि मी ते धुऊन टाकत होते.

गिऱ्हाइकं येतात. चांगली माणसं.
हातात घेऊन वजन तोलतात. ओतीव धातू, सकाळचा गारवा अजून धरलेला.
चाकं सुटी आहेत का, खोक्यातला फोम मूळचा आहे का.
पोटाची दारं उघडून आतली इवली क्षेपणास्त्रं मोजतात.
आठेक वर्षांचा एक मुलगा विचारतो,
"हे तुमच्या नवऱ्याने बनवलं?"
मी उलटं करून वाचून दाखवते: चीनमध्ये बनवलेलं.
त्याचा बाप हसतो. मीही.

दुपारपर्यंत एकोणीस गेली.
मग चष्म्यावर भिंग चढवलेला तो म्हातारा, ऑगी सायफ्रिड,
एक उचलून उन्हात धरतो. खूप वेळ.
"याला कुणीतरी कानस मारलीय, बाई.
दाराच्या आतल्या कडेला बघा, करवतीसारखे दाते.
कंपनी चारच देते. हा पाचवा कुणीतरी हाताने कोरलाय,
वर रंगाचा ठिपकाही दिलाय.
हात सफाईचा आहे, पण माल खराब केला.
निम्मी किंमत."

मी भिंग मागून घेते.
पाचवा दाता. तांदळाच्या कणीएवढा.
त्या हिवाळ्यात माझी नखांची कानस हरवली होती.
तू म्हणालास, मांजराने नेली असेल.
आपल्याकडे मांजर नव्हतं, वेंडेल.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
तुझी उघडली ती एवढीशी,
बहात्तरने गुणली तर तुझ्या तळहाताएवढी.

तू सह्या केलेले कागद कुठल्यातरी तिजोरीत असतील अजून.
ते बायकोला लागू होतात का, कुणाला विचारायचं?

"हे विकायचं नाही," मी म्हणते.
"बरं, पाऊण किंमत."
"पडलं होतं हो एकदा. पुसताना, माझ्याच हातून."

तो भिंग वर सारून माझ्याकडे बघतो,
मग दुसरं खोकं उचलतो.
मी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये घालते.
शेपटी बाहेर राहते.
राहू दे. दिसली तर दिसली.