बसलेला फटका

चाकुंगच्या जुन्या टायर-गोदामात
खानावळीचा सेट लागला होता.
जाकार्ताचा कोरडा जून, वर तापलेला पत्रा,
आणि खुर्च्या इतक्या हलक्या लाकडाच्या
की कुणी शिंकलं तरी मोडतील.
मी तिसरा गुंड.
नाव नाही, संवाद नाही,
वाट्याला दोन लाथा आणि एक टेबल.

मारामारी बसवायला उदा नोफियार.
आमच्या पादांगकडे थोरल्या भावाला उदा म्हणतात,
हे तर अठ्ठावन्न वर्षांचे,
कानावर पेन्सिल, बगलेत शंभर पानी वही.
सहाव्या टेकला त्यांनी हात वर केला.
"रिस्माल, फटका बसतो म्हणतात ना?
मग बसू दे की त्याला.
आला तसा लगेच उठून कुठे चालला?
आणि दुसऱ्या मिनिटाला गुडघ्यावर लाथ खाल्लीस,
चौथ्याला जिना चढतोस
तो कुणाच्या पायांनी?"

सगळे हसले. मीही हसलो.

चहाच्या वेळी म्हणाले,
लहानपणी पायाकुंबुहच्या बाजारात
दोन मिरचीवाले भांडताना पाहिले मी.
अकरा आकडे मोजेपर्यंत आटोपलं.
नेम धरून एकही ठोसा नाही.
सदऱ्यांची ओढाताण,
एकाच्या तोंडात दुसऱ्याचा अंगठा,
दोघेही रडवेले.
सोडवल्यावर त्यातला एक
चप्पल शोधायला लागला.
गर्दी पांगली, मिरच्या गोळा झाल्या,
हा आपला शोधतोच आहे.
"वीस वर्षं झाली,
हा चप्पल शोधणारा माणूस
मला एकाही पिक्चरमध्ये घालू देत नाहीत."

नवव्या टेकला नायकाचा पाय
चार बोटं जास्त आत आला.
मला वाटायचं, काही मोडलं तर मोठा आवाज होत असेल.
ओली काडी मोडावी तसं काहीतरी
माझं मलाच ऐकू आलं.
ओरडलो नाही.
ओरडायला हवाच नव्हती.
नुसता उभा राहिलो
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत,
जणू आज तारीख कोणती ते आठवतोय.

मॉनिटरमागून दिग्दर्शक म्हणाले,
"तिसऱ्याचं खोटं वाटतंय.
लागल्यासारखं दिसतच नाही.
पुन्हा."

उदा जवळ आले.
माझ्या बरगड्यांवरून बोटं फिरवली,
एका जागी थांबली ती.
कुणाला काही बोलले नाहीत.
माझा लाल सदरा उतरवून घेतला,
स्वतः घातला, बटणं पोटावर जेमतेम लागली,
आणि दहाव्या टेकला तिसरा गुंड होऊन
असे किंचाळले, असे कळवळले,
टेबलासकट असे लोळत गेले
की दिवे धरणारी पोरंही पुढे धावली.
"हे! हे खरं!"
दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा.
येल्मी सुकट तळत होती.
माझा एकही पिक्चर तिने शेवटपर्यंत पाहिलेला नाही,
मध्येच झोप लागते तिला.
मी काही बोललो नाही.
दारात चपला काढल्या
आणि न वाकता
पायानेच भिंतीकडे सारल्या.

तिने गॅस बंद केला.
"कुठली बाजू?"

दुसऱ्या दिवशी फोनवर उदांना हे सांगितलं.
म्हणाले, थांब, वही घेतो.
न वाकता? पायाने?
डाव्या की उजव्या?
आणि ती काय म्हणाली, नेमके शब्द सांग.
मग बराच वेळ नुसती पेन्सिलीची खरखर,
आणि तिच्यामागे त्यांचा श्वास,
तुकड्यातुकड्यांनी घेतलेला,
एका कुशीला सांभाळून घेतात तसा.

मी विचारलं,
"उदा, तुमची कुठली?"

खरखर थांबली.