चौथा नंबर

लंडनची यादी कॅम्पात उतरायची
रविवारी रात्री, होमीशेठच्या जुन्या रेडिओवर.
काटा हलू नये म्हणून
बटणात काडेपेटीची काडी खोचून मी बसायचो, मांडीवर वही.
ऑलिव्ह टीचर जिन्यावरून वाकून
एकेक नाव सोडवून द्यायच्या,
कारण माझं इंग्रजी नाना पेठेतल्या म्युनिसिपल शाळेचं
आणि त्या निवेदकाचं नाकातलं.

दहा, नऊ, आठ नीट यायचे.
सात-सहाला आवाज पाण्याखाली जायचा, वर यायचा.
पाच.
आणि मग हमखास
दुसरंच कुठलंसं स्टेशन, गव्हाचे भाव सांगावेत तशा सुरात
बोलत बोलत अंगावर यायचं.
खरखर निवळेपर्यंत तिसरं गाणं अर्धं झालेलं.
चौथं कोण, हे एक्याऐंशीपासून त्र्याऐंशीपर्यंत
मला एकदाही ऐकू आलं नाही.

फळा मात्र सोमवारी दहाला लागायचा,
ईस्ट स्ट्रीटवर, दुकानाच्या दाराशी.
दहा ओळी. नऊ लिहून कसं चालेल?
"कोरी जागा धंद्याला वाईट, डिकरा."
म्हणून चौथं मीच लिहायचो.

आधी भीतभीत, गेल्या आठवड्याचं पाचवं एक पायरी वर.
नंतर मला आवडेल ते.
नंतर गेणू थोपटे आला.

पिंपरीत लेथवर होता. डबल ड्यूटी करून
शनिवारी यायचा, नखांत काळं तेल,
कॅसेट रुमालात गुंडाळलेली.
नाव एकाही गाण्याचं ठाऊक नाही.
"ते इंजिनाचं भरा," म्हणायचा,
"विहिरीवरचं इंजिन धरतं ना सुरुवातीला, तसं."
आणि तोंडानं करून दाखवायचा, भर दुकानात.
कॉलेजची पोरं हसायची. तो त्यांच्याकडं बघायचाच नाही.
मग फळ्यासमोर उभा राहून:
"आपलं कितवं?"

आपलं.
ते तर यादीतून कधीच घसरलं होतं,
टीचर म्हणाल्या, चाळिसाच्याही खाली.
मी म्हटलं, चौथं.
"चढतंय?"
"टिकून आहे."
हे त्याला पटलं. टिकून राहण्यातलं
त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असावं.

एकोणीस आठवडे.
मग हसणारी पोरंच येऊन मागायला लागली, "चार नंबरचं आहे का?"
साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटी संपल्या,
होमीशेठनी मुंबईहून दोन खोकी मागवली.
एका पोराच्या मामानं परदेशातून मासिक धाडलं,
त्यातली छापील यादी त्यानं काउंटरवर आपटली:
"हे बघा, यात नाहीच!"
ऑलिव्ह टीचर रोज सकाळी चर्चला जाणाऱ्या.
चष्मा लावून त्यांनी पान वाचलं, दोनदा.
"ही अमेरिकेची," म्हणाल्या,
आणि जिना चढून गेल्या.

गेणू थोपटे यायचा थांबला.
कंपनी हलली की तोच हलला, कुणाला विचारणार?
त्याची भरलेली कॅसेट कप्प्यात, वर पेन्सिलीनं गे. थो.
अजून सहा आठवडे मी चौथी ओळ तशीच ठेवली.
मग एका सोमवारी खडू तुटला,
आणि मी दुसरंच काही लिहिलं.

दुकानाच्या जागी आता चपला मिळतात.
पुतणीच्या फोनवर यादी दर तासाला बदलते,
कोटींचे आकडे, एकही शून्य न गळता.
खरखर कुठेच नाही. मी तरी चौथ्या ओळीला कान लावतो.

"काका, तुमच्या वेळी एक नंबरला काय असायचं?"
एक नंबरचं मला काही आठवत नाही.
मी फोन बाजूला ठेवतो, गाल फुगवतो,
आणि पहिल्या झटक्यात धरत नाही म्हणून
पुन्हा एकदा
तोंडानं इंजिन चालू करतो.